मंदाला उष्टं चालायचं नाही

ये गं मीनल, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. परवा फोनवर किती तोऱ्यात सांगितलंस, "मावशी, आम्ही एक बटण दाबतो आणि अख्ख्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोज आपोआप चढतं. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं." तुमच्या वेळी म्हणे! जसं काही आम्ही गारगोट्या घासून चूल पेटवत होतो. अगं, तुझ्या त्या बटणाची एक आजी होती, आणि ती उल्हासनगरात नाल्याकाठच्या एका गाळ्यात नाकाला रुमाल लावून बसलेली असायची. मंदा शेजवळ तिचं नाव. माझ्याबरोबर कामाला होती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. दळवी साहेबांचं कॉम्प्युटर जोडायचं दुकान होतं. सुटे भाग बाजारातून आणायचे, खोक्यात बसवायचे, विंडोज चढवायचं आणि विकायचं. मी नववीतून शाळा सोडलेली. स्क्रू पिळणं, खोकी बांधणं, फोन घेणं हे माझं काम. बाकी जे काही कळतं ते मंदाच्या शेजारी बसून कळलं. विंडोज चढवायचं खातं तिचं.

दुकानामागे नाला वाहायचा. जीन्स रंगवायचे कारखाने वरच्या अंगाला, त्यांचं पाणी त्यात. सकाळी निळा, दुपारी तांबूस, आणि वास असा की जिभेवर बसायचा. आम्ही सगळे त्या वासात वडापाव खायचो. मंदा रोज आली की दारात थांबायची, "शी!" म्हणायची, रुमाल बांधायची आणि मगच पायरी चढायची. मी म्हटलं, "अगं, एवढी वर्षं झाली, अजून सवय नाही झाली?" तर म्हणे, "झाली तर मला सांग, मी डॉक्टरकडे जाते."

तिला किळस फार. कीबोर्ड स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्याशिवाय हात लावायची नाही. दळवी साहेबांना तर सवयच अशी होती की कॅबिनेटच्या स्क्रूने कान कोरायचा आणि तोच स्क्रू परत मशीनला लावायचा. मेमरीची पट्टी उचलताना बोट जिभेला लावायचे. मंदा ओरडायची, "साहेब, जीभ आत! मेमरी आहे ती, पानाचा चुना नाही."

"सासरी जाशील तेव्हा सासूला बोल असं," साहेब म्हणायचे.

"सासू बोटं चाटत असेल तर लग्न मोडेन."

चहाचा कप तिचा वेगळा. निळ्या कडेचा, स्वतः विसळून स्वतःच्या खणात ठेवायची. दुकानात सगळे टोमणे मारायचे, हिचं सोवळं बघा म्हणून. एकदा मी तिला विचारलं, तुला राग नाही येत? तिला हसू आलं. म्हणाली, "शालन, आमच्या आजीचा कप गावात लोक वेगळा ठेवायचे, बाहेर कोनाड्यात. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आता मी माझा कप मी वेगळा ठेवते, तर सगळ्यांना केवढं लागतं बघ." नंतर मी कधी त्या कपाचा विषय काढला नाही. टोमणे मारणाऱ्यांकडे मात्र मला बघवेना.

पण तिची खरी किळस घाणीची नव्हतीच. तिला उष्टं चालायचं नाही. उष्टं अन्न तर सोडच, उष्टं कामसुद्धा. म्हणजे काय, ते नीट ऐक.

आमच्याकडे कुठलीही दोन मशीनं सारखी नसायची. बाजारात त्या दिवशी जे कार्ड स्वस्त ते आत जायचं. एकाचं चित्र दाखवायचं कार्ड या जातीचं, दुसऱ्याचं त्या जातीचं, तिसऱ्यात आवाजाचं कार्ड, चौथ्यात तेही नाही. आणि प्रत्येक कार्डाशी बोलायचा विंडोजला वेगळा दुभाषा लागायचा. ड्रायव्हर म्हणतात ना तुम्ही, तोच. म्हणून एकेका मशीनपुढे बसून फ्लॉप्या बदलत, तेच तेच प्रश्न आणि तीच तीच उत्तरं देत चढवावं लागे. दळवी साहेबांनी शक्कल काढली. एक मशीन नीट तयार करायचं आणि त्याची डिस्क जशीच्या तशी बाकीच्यांत उतरवायची. सगळ्या बाजारात तसंच करायचे. मग काय व्हायचं? नवं मशीन चालू झालं की बिचारं पहिल्या मशीनची कार्डं आपल्या पोटात शोधत बसायचं. कुठे पडदा काळा, कुठे रंग विटलेले, कुठे आवाज गायब. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी खोकं डोक्यावर घेऊन दारात.

"शी!" मंदा म्हणाली. "एकाच्या ताटातलं उष्टं दुसऱ्याला भरवता, आणि वर पचलं नाही म्हणून त्यालाच ओरडता."

"मग तू बस प्रत्येकापुढे पाट मांडून," साहेब म्हणाले.

"त्याचीही किळस येते मला. तेच तेच दाबायचं. चघळलेलं परत चघळल्यासारखं."

हेही नको, तेही नको. साहेब वैतागून निघून गेले. आणि त्यातून, मीनल, तिने ती फ्लॉपी काढली.

फ्लॉपी मशीनमध्ये घालायची, बाजूला विंडोज भरलेली डिस्क जोडायची आणि आपण उठायचं. मशीन चालू झालं की फ्लॉपी आत एकेका कार्डाच्या दाराची कडी वाजवायची. तू या जातीचा आहेस का? नाही? मग तू त्या जातीचा? हो? बरं, मग तुझा दुभाषा हा घे. सगळ्यांची चौकशी झाली की विंडोज चढायला लागायचं, आणि ते मध्ये मध्ये जे प्रश्न विचारतं त्यांची उत्तरंही तिने आधीच लिहून ठेवलेली. आपण तोवर भाजी निवडावी. मी खरंच निवडायची.

पडद्यावर जे उमटायचं तेही तिने मराठीत ठेवलं होतं. अक्षरं इंग्रजी, बोलणं आपलं. आवाजाचं कार्ड, आहे. नेटवर्कचं कार्ड, नाही. असं एकाखाली एक. दळवी साहेब म्हणाले, "इंग्लिश लिही, जरा वजन पडतं." ती म्हणाली, "मशीनला विचारते मी, उत्तर मला कळायला हवं."

आणि सगळं पहिल्या फटक्यात जमलं असं समजू नकोस. अंबरनाथच्या एका ऑफिसची मशीनं होती, सगळ्यांत नेटवर्कचं कार्ड. फ्लॉपी घातली की दोन ओळी उमटायच्या आणि मशीन गोठून जायचं. पुन्हा घाला, पुन्हा गोठलं. मंदाने आधी कार्डांना शिव्या घातल्या. मग लछू अंकलना बोलावलं. लछू अंकल म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्पातले, फाळणीनंतरच्या निर्वासित वस्तीतले, सिंधी म्हातारे, सुट्या भागांचा धंदा, पांढरा लेंगा-सदरा आणि खिशात कायम बडीशेप. मंदाला 'अदी' म्हणायचे, म्हणजे त्यांच्यात ताई.

"अंकल, तुमची कार्डं सडकी आहेत."

"अदी, कार्ड अच्छा है. तू उसको पूछती कैसे है, वो देख."

दुपारभर ती ओळींचा क्रम मागेपुढे करत बसली, जेवली नाही. आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. तिची फ्लॉपी आवाजाच्या कार्डाला ज्या पत्त्यावर हाक मारत होती, तिथे या मशीनमध्ये नेटवर्कचं कार्ड राहत होतं. भलत्याच्या दारावर धाडधाड केलं आणि आतला झीट येऊन पडला! मग तिने नेटवर्कवाल्याला आधी हळूच विचारायचं ठेवलं, आणि तो घरी असला तर त्या दारावर पुढे कुणी जायचं नाही. मशीनं सरसर चालली. लछू अंकलनी तिच्या हातावर बडीशेप ठेवली. तिने ती खाल्ली, ते बघून मी आ वासला.

आता पुढचं सांगताना माझंच तोंड कडू होतं, पण सांगते.

मंदा राहायची बदलापूरला, बेलवलीत. घरी एकटी आई, डोळ्यांनी अधू. चूल पेटवताना आईने दोनदा पदर भाजून घेतलेला. मंदाचा सगळा जीव तिकडे. दळवी साहेबांनी बदलापूरला दुकान काढायचं ठरवलं आणि म्हणाले, "मंदा, ते तू सांभाळ. घरापासून पाच मिनिटं." त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रुमाल न बांधता नाल्याकडे बघत उभी असलेली पाहिली. म्हणाली, "शालन, तिकडे खिडकीतून डोंगर दिसतो गं. आईला हाक मारली तर ऐकू जाईल."

त्याच सुमाराला बाजारात नवीन बोर्ड आले, मदरबोर्ड म्हणतात ते, सगळे भाग ज्यावर बसतात. कॅश नावाची एक चीज असते, स्वयंपाकात हाताशी मिसळणाचा डबा असतो ना, तशी. हाताशी लागणारं मशीन त्यात ठेवतं, म्हणजे काम भराभर होतं. या बोर्डांवर त्या कॅशच्या काळ्या चिपा अगदी ओळीत बसवलेल्या दिसायच्या. लछू अंकलनी लपवलं नाही काही. बोर्ड पुढे ठेवताना सरळ म्हणाले, "अदी, ये चिप खाली है. अंदर कुछ नहीं, सिर्फ प्लास्टिक. इसीलिये सस्ता है. मैं बोल के बेचता हूँ."

मंदाने एक चिप उपटून पक्कडीने फोडली. खरंच आत काही नाही. नुसतं काळं प्लास्टिक, पाय तेवढे धातूचे. तिने ती टेबलावरून झटकली, झुरळ झटकावं तशी.

दळवी साहेबांनी मात्र भरपूर बोर्ड घेतले आणि दरपत्रकावर लिहिलं, कॅशसहित. मशीन चालू होताना बोर्डही स्वतःहून 'कॅश आहे' असंच सांगायचा, त्याला कारखान्यातच तसं पढवलेलं. पण मंदाची फ्लॉपी कुणाच्या सांगण्यावर जायची नाही. ती मेमरी खरंच किती भरभर वाचली जाते ते मोजायची, आणि गिऱ्हाईकासमोर पडद्यावर यायचं: कॅश, नाही.

साहेबांनी तिला बोलावलं. मी तिथेच खोकी बांधत होते.

"मंदा, ती एक ओळ बदल."

"खोटं लिहू?"

"खोटं कसलं? बोर्ड सांगतोय ना आहे म्हणून! तू त्याच्यापेक्षा शहाणी?"

"मी मोजलंय, साहेब."

"मोजू नको मग." साहेबांनी स्क्रू कानात घातला. "बदलापूरच्या दुकानाची पाटी रंगवायला टाकलीये. तुझं नाव लिहायचं खाली, संचालिका म्हणून. काय करू, सांगू का पेंटरला थांब म्हणून?"

मंदा वळली. जागेवर आली, बसली. मोजायची ती सगळी ओळ पुसली आणि तिथे नुसतं लिहिलं की 'आहे' छाप. एवढंच. मला म्हणाली, "बघ ना शालन. खरं विचारायला मला महिने लागले. हे बघ कसं, चटकन." आणि मोरीत जाऊन खूप वेळ चूळ भरत राहिली. मला त्या दुकानाची, त्या माणसाची, त्याच्या त्या स्क्रूची एवढी शिसारी आली की घरी जाऊन मी कपडे भिजत टाकले.

बदलापूरचं दुकान झालं. पाटीवर नाव आलं. मी एकदा गेले होते, आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला, थालीपीठ दिलं. खिडकीतून डोंगर दिसत होता खरा. मंदा ठीक होती. पण फ्लॉपीबद्दल बोलली नाही.

आणि तुला माहीत आहे उल्हासनगर. एक वस्तू चालली की चहा थंड व्हायच्या आत तिच्या जुळ्या भावंडांनी बाजार भरतो. दळवी साहेबांनी ती 'आहे'वाली फ्लॉपी एका दोस्ताला दिली, त्याने दुसऱ्याला. कॅम्पातल्या, शहाडच्या, अंबरनाथच्या दुकानांतून सगळे तीच घालायला लागले. कुठल्याही जातीचं मशीन असो, आपोआप तयार व्हायचं आणि वर मराठीत बोलायचं. लोकांना केवढं कौतुक! हे मंदाला कुणी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी बेलवलीतलेच गायकवाड काका तिच्या दुकानात आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असायचे. रिक्षातून मशीन आणलं होतं. मुलीला लग्नपत्रिका, हँडबिलं छापायचं काम घरी सुरू करून दिलेलं, तिच्यासाठी शहाडच्या एका दुकानातून घेतलं होतं.

"जयभीम, मंदा. बघ बरं पोरी, फार हळू चालतंय हे."

"जयभीम, काका. कुणाकडून घेतलंत? इथे का नाही आलात?"

"अगं, तिकडे स्वस्त मिळतं म्हणे, म्हणून तीन-चार दुकानं फिरलो. सगळे इंग्रजीत कायकाय सांगतात, मला काय कळतंय? या एका ठिकाणी मशीन चालू केलं तर पडद्यावर आपल्या भाषेत आलं, कॅश आहे. म्हटलं, हे बरं. आपल्या भाषेत सांगतंय म्हणजे फसवणार नाही."

हे मला मंदानेच नंतर सांगितलं, म्हणून शब्द न शब्द लक्षात आहे. तिने मशीन उघडलं. त्याच पोकळ चिपा. तिने स्टूल ओढून काकांना बसवलं आणि म्हणाली, "काका, ते 'आहे' मशीनने नाही लिहिलं. मी लिहिलंय."

काकांना आधी कळेचना. मग कळलं. रागावले नाहीत, तेच वाईट. उघड्या मशीनकडे बघत बसले आणि म्हणाले, "पोरीला काय सांगू मी आता?" मग उठता उठता म्हणाले, "आणि असं कितीकांच्या घरात लिहून ठेवलंयस?"

त्याच दुपारी मंदा उल्हासनगरला आली. रुमाल बांधलेला नव्हता. सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, मी मोजायची ओळ परत घातलीये. आपल्या दुकानातून यापुढे हीच फ्लॉपी जाईल."

"आणि नाही गेली तर?"

तिने बदलापूरच्या दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली.

साहेब हसले. "अगं, तुझी फ्लॉपी आता तुझी राहिलीय का? सगळ्या बाजारात आहे ती. तू एकटी काय ओल्या फडक्याने पुसणार आहेस?"

"पुसेन," ती म्हणाली आणि गेली. मला नुसती मानेने येते म्हणाली. साहेबांनी दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून पाटीवरच्या तिच्या नावावर पांढरा रंग मारायला लावला. रंगही हलका वापरला मेल्याने. खालून नाव दिसतच राहिलं.

गायकवाड काकांना लछू अंकलकडून खऱ्या कॅशचा बोर्ड मिळाला, हेही मला लछू अंकलनीच सांगितलं. तिने काय देऊन तो सोडवला ते त्यांनी सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "अदी बहुत ज़िद्दी है."

मंदाला मी शेवटची पाहिली ती शहाडला. रस्त्याच्या कडेला कॉम्प्युटरची दुकानं ओळीने होती. मी पलीकडे केळी घेत होते. एका काउंटरपुढे ती उभी, खांद्याला पिशवी, पिशवीत फ्लॉप्यांचं खोकं. फ्लॉपी पुढे सरकवत होती. रहदारीतूनही मला तिचा आवाज ऐकू येत होता.

"ही घ्या. फुकट आहे. तुमच्याकडची जुनी आहे ना, ती मीच केलेली आहे. ती चुकीची आहे. ही लावा."

दुकानदार तरणाबांड, गळ्यात साखळी. फ्लॉपी उलटसुलट करून बघितली. "जुनी में प्रॉब्लेम क्या है? मस्त चालते."

"ती न बघताच आहे म्हणते. ही खरं बघते."

"मग ही नाही म्हणणार?"

"नसेल तर नाही म्हणणार."

तो हसला. "बाई, गिऱ्हाईकाला आहे बघायचं असतं. नाही कोण विकत घेतं?" आणि फ्लॉपी खणात भिरकावून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

मी हाक मारणार होते, "मंदा!" म्हणून. पण ती तिथून हलेना. अंगठ्याने पिशवीचा बंद चाचपत उभी राहिली. चेहरा असा, की नाल्याचा वास पहिल्यांदा आला तेव्हाही इतका वाकडा झाला नसेल. आता ही वळणार आणि घरी जाणार, असं मला वाटलं. मग तिने पिशवीतून दुसरी फ्लॉपी काढली. शेजारच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं, जेवणाची वेळ होती. ती वाकली आणि त्याच्या खालून आत गेली.

एवढंच गं. पुढे तिची आई गेली, बेलवलीतलं घर तिने सोडलं, कुठे गेली ते कुणाला नीट सांगता येत नाही. लछू अंकलही राहिले नाहीत.

आता तू ये बघू. मी आता बदलापूरलाच असते, पुण्याहून काही लांब नाही, आणि फोनवर मला तुझं अर्धं ऐकू येत नाही. नालाबिला काही नाही इकडे, खिडक्या उघड्या ठेवते मी. येशील त्या दिवशी अळूची भाजी करते तुझ्या आवडीची. आणि आलीस की माझ्यासमोर बसून मला सांग, ते तुझं बटण एवढ्या सगळ्या मशीनना काय विचारतं, आणि एखादं नाही म्हणालं तर तुम्ही काय करता. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या रविवारी तरी येच.